एक हजार ते दोन हजार मेगाहर्ट्झ : एका लूपची बँडविड्थ स्थिर करताना

आमच्या छोट्या कारखान्यातून गेलेल्या बारा सिंथेसायझर (हवी ती वारंवारता तयार करणाऱ्या) मोड्यूलांपैकी दोन मोड्यूल ग्राहकाने परत पाठवली, तेव्हा सोबतच्या पत्रात एकच तक्रार होती. १००० ते २००० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मधल्या भागात सर्व काही ठीक होते. परंतु दोन्ही टोकांकडे जाताना मुख्य सिग्नलच्या लगतचा फेज नॉइज, म्हणजे सिग्नलच्या कलेतील (फेजमधील) अस्थिरतेचा गोंगाट, ठरलेल्या मर्यादेबाहेर जात होता. मोड्यूल पाठवण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाची तपासणी १५०० मेगाहर्ट्झवर केली होती आणि उरलेल्या पट्ट्यात फक्त लूप लॉक होतो, म्हणजे सांगितलेल्या वारंवारतेवर स्थिरावतो, की नाही एवढेच पाहिले होते. पुण्याजवळच्या भोसरीत असे उच्च वारंवारतेचे काम करणारे लहान कारखाने फार नाहीत, आणि आमच्याकडेही या विषयावर काम करणारी मी एकटीच होते. त्यामुळे दुरुस्तीही माझ्याकडेच आली, आणि पुढचे सात आठवडे मी जवळजवळ याच एका परिपथात घालवले.

हा परिपथ म्हणजे फेज-लॉक्ड लूप, अर्थात पीएलएल. व्हीसीओ नावाचा दोलक विद्युतदाबाप्रमाणे आपली वारंवारता बदलतो. त्याच्या वारंवारतेला एका पूर्णांकाने भागून ती स्थिर अशा संदर्भ सिग्नलशी ताडून पाहिली जाते, आणि दोहोंतील कलेचा फरक चार्ज पंप (फरकाच्या प्रमाणात प्रवाह देणारा भाग) व फिल्टरमार्गे पुन्हा व्हीसीओच्या विद्युतदाबात उतरवला जातो. आमच्या मोड्यूलमध्ये तुलना १ मेगाहर्ट्झवर होत होती, म्हणजे १००० मेगाहर्ट्झ मिळवायचे तर भाजक १००० आणि २००० मेगाहर्ट्झसाठी २०००. तुलनेचे काम एडीएफ ४१०६ या चिपकडे होते. तिचा चार्ज पंप जास्तीत जास्त ५ व्होल्टच्या आसपास पोहोचतो, तर आमच्या व्हीसीओला वरच्या टोकाला २० व्होल्ट लागतात. म्हणून फिल्टरमध्ये २४ व्होल्टवर चालणारा ऑपॲम्प (विद्युतदाब वाढवणारा ॲम्प्लिफायर) होता.

अशा लूपची बँडविड्थ, म्हणजे किती वेगाच्या बदलांपर्यंत लूप व्हीसीओला आवरू शकतो ती मर्यादा, ठरवणारे सूत्र अगदी लहान आहे. चार्ज पंपचा प्रवाह, फिल्टरमधील रोध आणि व्हीसीओची संवेदनशीलता यांचा गुणाकार करून त्याला भाजकाने भागले, की लूपचा लाभ जिथे एकवर येतो ती वारंवारता, रेडियन प्रति सेकंदात, साधारणपणे मिळते. हे सूत्र मी महाविद्यालयात शिकले होते आणि मूळ आराखड्यातही वापरले होते. मात्र ते फक्त १५०० मेगाहर्ट्झसाठी वापरले होते. तिथे व्हीसीओची संवेदनशीलता व्होल्टमागे ४५ मेगाहर्ट्झ, प्रवाह २.५ मिलिॲम्पिअर आणि रोध ८२० ओहम, त्यामुळे बँडविड्थ ९.८ किलोहर्ट्झ येत होती. पट्ट्याच्या टोकांना काय होते याचा हिशेब मी मोड्यूल परत आल्यानंतर प्रथम मांडला, आणि तो मांडताच तक्रारीचे मूळ दिसू लागले. खालच्या टोकाला संवेदनशीलता व्होल्टमागे ७० मेगाहर्ट्झ आणि भाजक १०००. वरच्या टोकाला संवेदनशीलता २८ आणि भाजक २०००. दोन्ही बदल एकाच दिशेने काम करतात आणि एकमेकांना भरून काढत नाहीत. परिणामी खाली बँडविड्थ २२.८ किलोहर्ट्झ आणि वर ४.६ किलोहर्ट्झ, म्हणजे एकाच मोड्यूलमध्ये पाचपट फरक पडत होता.

बँडविड्थ गरजेपेक्षा मोठी झाली की चिपचा आणि संदर्भ सिग्नलचा गोंगाट भाजकाच्या पटीने वाढून दूरपर्यंत बाहेर येतो आणि फेज मार्जिनही (लूप अस्थिर होण्यापासून किती दूर आहे ते सांगणारा कोन) घटतो. ती लहान झाली की व्हीसीओचा स्वतःचा गोंगाट दाबण्यास लूप अपुरा पडतो. या दोहोंमध्ये प्रत्येक लूपसाठी एक योग्य जागा असते, आणि आमच्या चिप व व्हीसीओच्या आकड्यांनुसार ती १० किलोहर्ट्झच्या आसपास होती. ही जागा संपूर्ण पट्टाभर टिकवून धरणे हे माझ्यापुढचे काम होते.

त्यासाठी पहिली गरज होती ती व्हीसीओच्या खऱ्या संवेदनशीलतेची. वर दिलेले आकडे उत्पादकाच्या माहितीपत्रकातील नमुना आलेखावरून घेतलेले होते. लूप लॉक असतानाच संवेदनशीलता मोजण्याची एक सोपी पद्धत आहे आणि मला ती आजही अतिशय समाधानकारक वाटते. लूपला हवी ती वारंवारता सांगायची, स्थिर होऊ द्यायचे, आणि ती वारंवारता राखण्यासाठी त्याने व्हीसीओला किती विद्युतदाब दिला आहे तेवढे मोजायचे. दर १० मेगाहर्ट्झला एक याप्रमाणे १०१ बिंदू घेतले, की लगतच्या दोन बिंदूंमधील फरकावरून त्या ठिकाणची संवेदनशीलता निघते. खालच्या टोकाला १० मेगाहर्ट्झसाठी सुमारे १४३ मिलिव्होल्टचा फरक पडतो, म्हणून मोजणीत एक मिलिव्होल्टची चूक झाली तरी उत्तर एका टक्क्याहून कमी हलते. संगणकावरून मोड्यूल आणि मल्टिमीटर दोन्ही चालवणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि काही मिनिटांत पहिला आलेख हाती आला.

तो आलेख मात्र सरळ उतरणारा नव्हता. उतरणीवर लाटा होत्या, आणि त्या पंधरा टक्क्यांपर्यंत वरखाली जात होत्या. माहितीपत्रकात अशा लाटांचा कुठेही मागमूस नव्हता. प्रथम मला व्हीसीओच सदोष वाटला आणि मी दुसरे मोड्यूल लावले; तिथेही लाटा होत्याच, आणि दोन शिखरांमधील अंतरही तेवढेच, साधारण १०५ मेगाहर्ट्झ, होते. दोन वेगळ्या व्हीसीओंमध्ये एकच अंतर दिसते याचा अर्थ कारण व्हीसीओबाहेर आहे, हे लक्षात यायला मला एक दिवस लागला. मोड्यूलचे आउटपुट एक मीटर लांबीच्या केबलने स्पेक्ट्रम ॲनालायझरला (वारंवारतेनुसार सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या उपकरणाला) जोडलेले होते, आणि लहान सिग्नल स्पष्ट दिसावेत म्हणून मी ॲनालायझरचा इनपुट ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) शून्य डेसिबलवर ठेवला होता. त्या स्थितीत ॲनालायझरचे इनपुट ५० ओहमशी नीट जुळत नाही, सिग्नलचा काही भाग परत फिरतो, आणि परतलेली लाट व्हीसीओची वारंवारता ओढते. केबलमधील वेग आणि जाऊन येण्याचे अंतर धरून हिशेब केला, तर एक मीटरसाठी नेमके १०५ मेगाहर्ट्झच येतात. अर्ध्या मीटरची केबल लावल्यावर लाटांमधील अंतर दुप्पट झाले, आणि शंकेला जागा उरली नाही.

ॲटेन्युएटर १० डेसिबलवर ठेवून माझा आलेख सुधारला असता, पण ग्राहकाच्या यंत्रात आमच्या मोड्यूलपुढे मिक्सर (दोन सिग्नलांपासून नवी वारंवारता तयार करणारा भाग) असतो आणि मिक्सरचे इनपुट काही आदर्श नसते. म्हणजे त्याच्याकडेही लूपची बँडविड्थ केबलच्या लांबीनुसार बदलणार होती. व्हीसीओचे आउटपुट कपॅसिटरमार्गे थेट कनेक्टरला नेले, ही आराखड्यातली चूक माझी होती. नव्या बोर्डावर व्हीसीओनंतर ६ डेसिबलचा पॅड (सिग्नल क्षीण करणारे रोधांचे जाळे) आणि त्यापुढे छोटा ॲम्प्लिफायर घातला. फक्त पॅड लावल्यावरच परतणारी लाट जाता-येता मिळून १२ डेसिबलने घटते, आणि पंधरा टक्क्यांच्या लाटा चार टक्क्यांच्या आत आल्या. ॲम्प्लिफायर बसल्यावर त्या मोजता येईनाशा झाल्या. हे आधी झाले नसते तर पुढील सर्व कॅलिब्रेशन माझ्या टेबलावरच्या केबलचे झाले असते.

यानंतर प्रत्यक्ष बँडविड्थ मोजायची होती. लूपच्या मध्ये तार तोडून सिग्नल घुसवण्यापेक्षा मी बाहेरून मोजण्याची पद्धत निवडली. १० मेगाहर्ट्झचा संदर्भ सिग्नल जनरेटरमधून दिला आणि त्यावर ०.००१ रेडियन इतके अल्प फेज मॉड्युलेशन चढवले. लूपच्या बँडविड्थच्या आत असेपर्यंत हे मॉड्युलेशन आउटपुटला पटीत वाढून दिसते. १००० मेगाहर्ट्झवर शंभरपट, म्हणजे ०.१ रेडियन, आणि त्याचे पार्श्वसिग्नल मुख्य सिग्नलच्या २६ डेसिबल खाली असतात. मॉड्युलेशनची वारंवारता ५०० हर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंत वाढवत नेली की पार्श्वसिग्नल आधी किंचित उंचावतात आणि मग घसरतात. तो उंचवटा फेज मार्जिन किती कमी आहे ते सांगतो आणि घसरण बँडविड्थ सांगते. येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण तिच्यामुळे ग्राहकाशी झालेल्या दूरध्वनीवरील चर्चेत बराच गोंधळ झाला. बंद लूपचा प्रतिसाद ३ डेसिबलने घसरण्याची वारंवारता ही खुल्या लूपचा लाभ एकवर येण्याच्या वारंवारतेपेक्षा बरीच वरची असते. आमच्या लूपमध्ये सुमारे दीडपट. ग्राहक पहिल्या आकड्याला बँडविड्थ म्हणत होते आणि मी दुसऱ्याला. या लेखात सर्वत्र दुसरा आकडा आहे.

परत आलेल्या मोड्यूलवर ही मोजणी केली. कागदावरच्या हिशेबाप्रमाणे दोन्ही टोकांना फेज मार्जिन ५४-५५ अंश असायला हवा होता. प्रत्यक्षात खालच्या टोकाला तो ४४ अंश आणि वरच्या टोकाला ३९ अंश निघाला. खालच्या टोकाचे कारण लवकर सापडले. व्हीसीओच्या विद्युतदाब घेणाऱ्या पिनला स्वतःची मर्यादा असते, आमच्या व्हीसीओत ती १०० किलोहर्ट्झच्या आसपास होती, आणि मी ती हिशेबात धरलीच नव्हती. २० किलोहर्ट्झजवळ तिच्यामुळे सुमारे ११ अंश जातात. वरच्या टोकाला मात्र बँडविड्थ इतकी लहान असते की या मर्यादेमुळे जेमतेम ३ अंश कमी व्हावेत. उरलेले १२ अंश कुठे गेले, याचे उत्तर मला दहा दिवस मिळत नव्हते. ऑपॲम्प बदलून पाहिला, रोध मोजून पाहिले, चार्ज पंपचा प्रवाह तपासला. चार्ज पंपची पिन ऑपॲम्पमुळे नेहमी २.५ व्होल्टवरच स्थिर राहते, त्यामुळे तिथे वारंवारतेनुसार काही बदलण्याचे कारणही नव्हते.

उत्तर मिळाले ते एका गुरुवारी. भोसरीच्या औद्योगिक परिसरात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि बऱ्याचदा देखभालीसाठी वीजही बंद ठेवतात, पण काम अडलेले असल्याने मी इन्व्हर्टरवर मोजणी करायला आले होते. १९५० मेगाहर्ट्झवरचा फेज नॉइजचा आलेख त्या दिवशी वेगळाच दिसला. १ ते ३ किलोहर्ट्झच्या दरम्यान दर मोजणीला जागा बदलणारे जे उंचवटे मी तोवर ॲनालायझरच्या सरासरीतील त्रुटी समजत होते, ते पूर्णपणे नाहीसे झाले होते. आमच्याकडे सोल्डरिंगचे काम पाहणारे एक काका त्या दिवशी मदतीला आले होते, त्यांना मी आलेख दाखवला तेव्हा त्यांनी क्षणभर ऐकल्यासारखे केले आणि म्हणाले, “ताई, आज शेजारची प्रेस बंद आहे.”

शेजारी पत्र्याचे भाग ठोकणारी पॉवर प्रेस आहे आणि तिचा हादरा आमच्या टेबलापर्यंत येतो. मी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बोर्डावर हलकेच ठोकले, आणि उंचवटे पुन्हा उभे राहिले. फिल्टरमधल्या ६८ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरजवळ ठोकले की ते सर्वांत मोठे दिसत. तो कपॅसिटर एक्स ७ आर या सिरॅमिक प्रकारचा, ०४०२ या अतिशय लहान आकाराचा आणि २५ व्होल्टचा होता. या प्रकारात बेरियम टायटनेट असते, आणि हादरा बसला की त्यातून विद्युतदाब निर्माण होतो. व्हीसीओच्या पिनवर एक मायक्रोव्होल्टची हालचाल झाली तरी वरच्या टोकाला वारंवारता २८ हर्ट्झने हलते. खालच्या टोकाला ती ७० हर्ट्झने हलायला हवी. पण तिथे लूपची बँडविड्थ मोठी असल्याने लूप ती हालचाल दाबून टाकत होता आणि म्हणून तिथे ती कधी दिसली नव्हती.

बेरियम टायटनेटचे नाव मनात आले तसा दुसरा गुणधर्मही आठवला. अशा कपॅसिटरवर स्थिर विद्युतदाब असला की त्याची धारिता घटते, आणि आकार जितका लहान तितकी ही घट जास्त. आमच्या फिल्टरमध्ये कपॅसिटरच्या एका बाजूला २.५ व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला, वरच्या टोकाला, २० व्होल्टपर्यंत. मी तोच कपॅसिटर काढून एलसीआर ब्रिजवर (धारिता मोजणाऱ्या उपकरणावर) १७.५ व्होल्ट देऊन मोजला. ६८ नॅनोफॅरडचे ४१ झाले होते. ही धारिता हिशेबात घातली आणि फेज मार्जिन ३९ अंश आला. हरवलेले १२ अंश तिथे होते. तो कपॅसिटर सी झीरो जी प्रकारचा घातला, जो विद्युतदाबाने बदलत नाही आणि हादऱ्यानेही बोलत नाही. तो आकाराने बराच मोठा असल्याने बोर्डाची मांडणी पुन्हा करावी लागली.

एवढे झाल्यावर खरे कॅलिब्रेशन सुरू झाले, आणि ते त्या मानाने सोपे होते. चार्ज पंपचा प्रवाह, भाजक आणि संवेदनशीलता यांपैकी प्रवाह तेवढा आपल्या हातात असतो. एडीएफ ४१०६ मध्ये तो ०.६२५ पासून ५ मिलिॲम्पिअरपर्यंत आठ समान पायऱ्यांत बदलता येतो. वरच्या टोकाला पूर्ण ५ मिलिॲम्पिअर द्यायचे असे ठरवून रोध ९१० ओहमचा घेतला, त्यामुळे तिथे १०.१ किलोहर्ट्झ मिळाले. खाली येताना लागणारा प्रवाह कमी होत जातो: १८०० मेगाहर्ट्झला ३.७, १४०० ला २.० आणि १००० ला १.० मिलिॲम्पिअर. यातल्या प्रत्येकासाठी जवळची पायरी निवडायची आणि तिचा क्रमांक मोड्यूलच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये त्या वारंवारतेपुढे नोंदवायचा, असा १०१ नोंदींचा तक्ता तयार झाला.

पायऱ्या समान अंतराच्या असल्याने खालच्या टोकाला त्या सापेक्षतः मोठ्या पडतात, आणि ही अडचण मी पूर्णपणे दूर करू शकले नाही. १००० मेगाहर्ट्झला १.० हवे तर १.२५ घ्यावे लागते, म्हणून तिथे बँडविड्थ १२.७ किलोहर्ट्झ राहते; १.२५ वरून १.८७५ वर जाण्याच्या सीमेअलीकडे ती ८.१ पर्यंत उतरते. आधीचा पाचपट फरक अशा रीतीने सुमारे दीडपटीवर आला. फेज मार्जिन पट्टाभर पन्नास अंशांच्या वर राहिला. फिल्टरमध्ये डिजिटल पोटेन्शियोमीटर घालून रोधही बदलावा असा एक विचार होता, पण त्याची अंगभूत धारिता फिल्टरमध्ये नको असलेली भर घालते, म्हणून तो सोडला. पूर्वीच्या यंत्रांत डायोड आणि रोधांच्या जाळ्याने व्हीसीओची वक्ररेषाच सरळ करत असत; ते काम देखणे असते, परंतु प्रत्येक डायोड तापमानानुसार सरकतो आणि आमच्या मोड्यूलला उघड्यावरच्या यंत्रात काम करायचे होते.

तापमानाची तपासणी उणे १० ते ५५ अंश सेल्सिअसपर्यंत केली. संवेदनशीलता सहा टक्क्यांपर्यंत बदलली, म्हणून तापमानासाठी वेगळा तक्ता ठेवला नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागली. नवी वारंवारता सांगताना आधी प्रवाह बदलायचा आणि मग भाजक, असा क्रम प्रोग्राममध्ये पक्का केला. उलट क्रमाने केल्यास लूप नव्या वारंवारतेवर स्थिरावत असतानाच त्याचा लाभ बदलतो आणि सीमेजवळच्या उड्यांना स्थिर होण्यास जास्त वेळ लागतो, हे ऑसिलोस्कोपवर स्पष्ट दिसत होते.

तक्ता सर्व मोड्यूलांना एकच द्यावा, म्हणजे प्रत्येकामागचा वेळ वाचेल, असा आग्रह कार्यालयातून झाला होता. मी तो मानला नाही आणि बाराही मोड्यूलांची संवेदनशीलता स्वतंत्रपणे मोजली. अकरा मोड्यूल एकमेकांच्या जवळ होती. बाराव्यात दुसऱ्या लॉटचा व्हीसीओ बसलेला होता आणि त्याची संवेदनशीलता २००० मेगाहर्ट्झला २८ ऐवजी ३१ निघाली. प्रोग्रामने तिथे ५ ऐवजी ४.३७५ मिलिॲम्पिअरची पायरी निवडली, आणि संदर्भ सिग्नलवर मॉड्युलेशन चढवून मी बँडविड्थ पुन्हा मोजली तेव्हा ती ९.८ किलोहर्ट्झ आली. तो शुक्रवार होता आणि शेजारची प्रेस चालू होती.